आटपाडीत महाराज जिवंत होते

"मेले की हो महाराज! गेल्या रविवारीच मेले," विट्याचा केबलवाला मोठ्या आनंदानं म्हणाला. "आणि काय मेले सांगू! लई झकास. आमच्या गल्लीत दोन बायकांनी जेवण टाकलं."

माझ्या मागं शेवंतावहिनी उभ्या होत्या. महाराजांचं काम करणाऱ्या शामराव कुरण्यांची बायको. पडद्यावरचे महाराज गेल्या रविवारी मेले असतील, पण आमचे शामराव खरोखरच जाऊन महिना होत आला होता. केबलवाल्याला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी मागं वळून बघितलं नाही.

"कॅसेट कुठाय?" मी विचारलं.

"ती सोमवारीच गेली आटपाडीला. कंडक्टरच्या हातात दिली की. तुम्ही प्रधानजी न्हवं? आवाजावरनं वळखलं मी. आता गादीवर कोण बसनार वो? तुम्हीच काय?"

"बघू."

"राक्षसाला बसवू नगा. त्याचं लक्षन बरं न्हाई."

राक्षसही मीच होतो. पण ते तिथं सांगण्यासारखं नव्हतं.

आता ही कुठली मालिका, असं तुम्ही विचाराल. तुम्ही बघितलेली नाही. 'तिसऱ्या चंद्राचं राज्य' कुठल्या मोठ्या चॅनेलवर कधी लागलंच नाही. कागलच्या पलीकडं नेजदार अप्पांचं गुऱ्हाळ होतं. हंगाम संपला की ते रिकामं. तिथं आम्ही चंद्र वसवला. गुळाची काहील उपडी घालून तिला चांदीचा कागद चिकटवला, की झालं विमान. चिपाडाची राख पसरली, की चंद्राची जमीन. घोंगडं पांघरून दोन बॅटऱ्या डोळ्यांशी धरल्या, की राक्षस. कथा माझी, संवाद माझे. प्रधानही मीच, कारण मला वेगळा चहा द्यावा लागत नसे. महाराज मात्र खरे होते. शामराव नाटक कंपनीतला माणूस. कंपनी मोडली, दाढी राहिली. ते काहिलीच्या बुडावर बसले, तरी सिंहासनावर बसल्यासारखे दिसायचे.

खोटं वाटेल, पण इचलकरंजीत एका म्हातारीनं टीव्हीसमोर बसून आपल्या लेकीच्या नांदण्याचं गाऱ्हाणं महाराजांपुढं मांडलं होतं. पुढच्या रविवारी महाराजांनी निकाल दिला, आणि जावई चौथ्या दिवशी येऊन बायकोला घेऊन गेला. जावयाचं नाव मी विसरलो, नाहीतर सांगितलं असतं.

तर अप्पांची पद्धत अशी. एका भागाची एकच कॅसेट. रविवारी चार वाजता ती इचलकरंजीच्या केबलवर लागायची. सोमवारी एसटीनं मिरजेला. पुढच्या सोमवारी तासगावला, मग विट्याला आणि सगळ्यांत शेवटी आटपाडीला. आटपाडीहून परत आली, की तिच्यावरच नवा भाग भरायचा. त्यामुळं गावोगावचा काळ वेगळा. एकाच रविवारी मी इचलकरंजीत फितूर असायचो आणि आटपाडीत इमानी. मिरजेच्या लोकांनी मला स्टँडवर शिव्या घातल्या आणि त्याच दिवशी तासगावात एकानं माझ्या पोराला बिस्किटाचा पुडा दिला.

आणि म्हणूनच शेवंतावहिनी त्या सकाळी माझ्या दारात आल्या होत्या.

"भावजी, त्यो मरनाचा भाग मला पायजे. पुसून टाकायच्या आत."

मला वाटलं, आठवण म्हणून. मी म्हणालो, "वहिनी, मरतानाचा कशाला? तो यज्ञाचा भाग अप्पांनी अजून पुसलेला नाही. काय दिसलेत त्यात शामराव! तो मागून घेऊ."

"त्योच पायजे."

शेवटचे महिने शामरावांना उभं राहवत नव्हतं. पोटात काहीतरी वाढत होतं आणि डॉक्टर ते काढायचं नाही म्हणाले होते. मग अप्पांनी सांगितलं, महाराजांना मारा. मी मारले. आडवं पडूनच करायचं काम होतं, ते त्यांना जमलं. इचलकरंजीत ज्या रविवारी तो भाग लागला, त्याच आठवड्यात शामराव दवाखान्यात वारले.

विट्याहून आटपाडीची गाडी बाराला सुटली. चैत्राचं ऊन, खिडकीचे पत्रे तापलेले, बाहेर बाभळी सोडून दुसरं काही नाही. गाडीत मी वहिनींना हसवायचा प्रयत्न केला. एकदा शूटिंगच्या वेळी काहिलीत मांजर व्यालं आणि आम्ही त्या पिल्लांना चंद्रावरचे वाघ म्हणून दाखवलं, ते सांगितलं. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

आटपाडी जवळ आली, तशी त्यांनी पिशवीतून एक डबी काढली. कुंकवाची. मग रुमालाची गाठ सोडली. त्यात हिरव्या बांगड्या होत्या. त्या एकेक करून हातात चढवल्या. गाडी हादरत होती, बोट कपाळावर नीट टेकेना. पलीकडच्या बाकावरची बाई आपलं लेकरू मांडीवर सरकवून म्हणाली, "थांबा, मी आरसा धरती." तिनं आपल्याजवळचा टिकलीएवढा आरसा धरला. वहिनींनी कुंकू लावलं.

"मालक न्यायला येनार वाटतं स्टँडवर?" बाईनं हसून विचारलं.

"व्हय," वहिनी म्हणाल्या.

मी खिडकीकडं तोंड केलं. आयुष्यभर थापा मारलेला माणूस मी, पण एका शब्दात एवढी मोठी थाप मला कधी जमली नव्हती.

स्टँडवर उतरल्यावर त्या पाण्याच्या टाकीच्या सावलीला थांबल्या आणि तिथं त्यांनी सांगितलं.

"आत्याबाईंना ठावं न्हाई, भावजी."

"काय ठावं नाही?"

"ह्ये गेल्याचं."

आटपाडीत शामरावांची आई राहायची, गोदाक्का. ऐंशीच्या पुढची. आधीचे दोन मुलगे तिनं आपल्या डोळ्यांदेखत पोचवले होते. एकाला साप चावला, एक विहिरीच्या कामात दगडाखाली गेला. राहिले होते ते शामराव.

"दवाखान्यात मला म्हनाले, आईला कळू दिऊ नगं. तिसऱ्यांदा न्हाई सोसायची ती. ती हाय तवर मला जित्ता ठेव. मी व्हय म्हनलं. तवापास्नं मी हितं दोनदा येऊन गेले, असंच कुकू लावून. शूटिंग चाललंय, सुट्टी मिळंना, असं सांगून. त्या दर रविवारी टीवीसमोर बसत्यात. त्यात ह्ये दिसत्यात. म्हून इस्वास बसतो."

"मग दाखवू दे की मेलेले. गोदाक्काला काय नाटक कळत नाही? कंपनीत असताना शामराव रोज मरायचे."

"त्येच की," वहिनी म्हणाल्या. "नाटकात मेलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ह्ये आईकडं जायचे. तोंडावरचा रंग तसाच ठिवून. आई दारात मीठ-मोहऱ्या घिऊन बसायची. वरनं उतरून टाकायची, मग ह्ये तिच्याकडं बघून हसून दाखवायचे. मेल्याचं सोंग अंगाला चिकटू नये म्हून. कंपनी कुठंबी असूं दे. एकदा सांगोल्यात मेले, तर रातभर चालत आले. कधी चुकवलं न्हाई. आज टीवीत मेले, तर उद्या सकाळी ती दारात मोहऱ्या घिऊन बसंल, भावजी. मी काय दाखवू तिला?"

तेवढ्यात रस्त्यावरून कर्णा लावलेली रिक्षा गेली. "आज चार वाजता! महाराजांच्या जिवावर बेतलं! तिसऱ्या चंद्राचे महाराज वाचणार का? बघायला विसरू नका!"

वहिनींनी टाकीचा कठडा धरला.

"तुम्ही घरी जा," मी म्हणालो. "गोदाक्काजवळ बसा. माझ्यावर सोडा."

आटपाडीचा केबलवाला जालिंदर, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर बसायचा. कॅसेट मशीनमध्ये घालून ठेवलेली. मला बघून तो उठून उभा राहिला. "परधानजी! साक्षात!"

मी खुर्ची ओढली आणि कामाला लागलो. म्हणालो, हा भाग दाखवू नकोस, विट्यात दोनशे बायकांनी जेवण टाकलंय. तासगावात लोकांनी केबलच्या वायरी तोडल्या. मिरजेत एका पैलवानानं टीव्ही उचलून विहिरीत टाकला आणि टीव्ही पाण्यातसुद्धा तासभर चालू होता.

जालिंदर शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "पान्यात कसा चालंल वो?"

"जपानी होता."

"हे बगा परधानजी, गावात सकाळपास्नं रिक्षा फिरवलीया. चार वाजता महाराज मेले न्हाईत, तर लोक मला मारत्याल. तुमी मोठी मानसं, दोन दिसांनी कागलला जाशीला. मला हितं ऱ्हायाचं हाय."

मी आणखी तीन थापा मारल्या. एकही लागू पडली नाही. घड्याळात तीन वाजून गेले होते. माझ्याकडं थापा संपल्या, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

"शामराव गेला, जालिंदर," मी म्हणालो. "खराच गेला. महिना झाला. गोदाक्काला ठाऊक नाही."

मशीनचं बटण दाबून त्यानं कॅसेट बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली.

"आदी बोलायचं की वो. उगं त्यो टीवी विहिरीत टाकलासा." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आमी राजमाता म्हनतो तिला. गल्लीतनं जाताना पोरं मुजरा करत्यात. आता चारला काय लावू?"

"मला लाव."

लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा त्याच्याकडं होता. खाटेवरची निळी चादर भिंतीला टांगली, तिला आकाश म्हणायचं ठरलं. दुकानातल्या रेडिओच्या चार पितळी बटणांची माळ करून गळ्यात घातली, जालिंदरच्या पंच्याचं पागोटं बांधलं. चार वाजता त्यानं बोट वर केलं आणि अख्ख्या आटपाडीच्या घराघरांत मी उगवलो.

"तिसऱ्या चंद्राच्या प्रजाजनहो!" मी म्हणालो. "अफवांवर विश्वास ठेवू नका. महाराज सुखरूप आहेत. सातव्या चंद्रावर मोठा दुष्काळ पडला. तिथल्या लोकांनी हाक मारली आणि महाराज काल पहाटे विमानात बसून निघून गेले. जायला बारा वर्षं, यायला बारा वर्षं. तोवर गादीवर त्यांचे जोडे राहतील आणि कारभार हा सेवक बघेल. निघताना महाराज मातोश्रींच्या पाया पडले. म्हणाले, आई, वाट बघू नकोस. जेवण वेळेवर घे."

माझा आवाज थोडा बसला. लोकांना वाटलं असेल, अभिनय. एवढा बरा अभिनय मी पूर्वी कधी केला नव्हता.

त्यानंतर जालिंदरनं एक जुना भाग लावला. सहा महिन्यांपूर्वी कधीतरी त्यानं पुसू न देता ठेवून घेतलेला. अप्पांना सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली.

गोदाक्काचं घर दोन खणांचं. ती खाटेवर बसली होती, पायाशी गोधडी. भिंतीला लागून टीव्ही. वहिनी दारातच भेटल्या. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रक्त आलेलं दिसलं. "पटलं त्यांना," त्या हळूच म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

"ये परधाना," गोदाक्का म्हणाली. "बस हितं जवळ. ऐकू कमी येतंय मला."

मी खाटेच्या कडेला टेकलो. टीव्हीत शामराव काहिलीसमोर उभे होते. ताठ, दाढी विंचरलेली, हातात लाकडी तलवार. राक्षसाला आव्हान देत होते.

"बारा वर्सं जायाला?" तिनं विचारलं.

"होय आक्का."

"आन बारा यायाला."

"होय."

"म्हंजी मी शंभरीच्या फुडं गेले की ईल." तोंडात दात नव्हते, ती आवाज न करता हसली. "लांबचं काम काडलंस."

"मोठं राज्य आहे, आक्का. लांब तर असणारच."

ती टीव्हीकडं बघत राहिली. आत स्टोव्ह पेटला, तसा तिनं आपला आवाज खाली आणला.

"गेला कवा?"

"काल पहाटे. मी सांगितलं की."

"ते टीवीत. मी शामूचं इचारती."

मी तोंड उघडलं. एक थाप जिभेवर आली होती, चांगली घडवलेली. तिनं हात वर केला.

"खोटं नगं. लई ग्वाड बोलतोस तू, पर आता नगं. मी दर रयवारी बगती बाबा. आदी उभा असायचा, ह्यो आता हाय तसा. मग बसाया लागला. तुमी म्हनला, राजा हाय, म्हून बसलाय. मग भितीला टेकाया लागला. गेल्या रयवारी उश्याला तक्क्या लावला हुता आन हात असा पोटावर. लोकं म्हनत्यात, काय काम करतोय. मी त्याला पोटात नव म्हयनं वागवलाय. मला काम कुठलं आन दुखनं कुठलं कळत न्हाई व्हय?"

टीव्हीत शामराव हसले. राक्षसाच्या अंगावर धावले.

"महिना झाला, आक्का," मी तिच्या कानाशी म्हणालो.

"दुखलं लई?"

"दुखलं."

"हां." तिनं गोधडीची कड दोन्ही हातांनी धरली, नीट घडी केल्यासारखी. "तरी मला वाटलंच. दोन येळा आली शेवंता, एकटीच. कुकू लावून येती बिचारी एवड्या उन्हाचं. मला दिसतंय, तिला वाटतंय मला दिसत न्हाई. तिला कळू दिऊ नगंस."

"काय?"

"मला कळलंय म्हून. त्यानं तिला सांगून ठिवलं आसनार. शामू तसाच हुता. तिच्या जिवाला तेवडंच काम ऱ्हायलंय आता, मला सांभाळायचं. ते मोडू नगंस."

आतून वहिनींनी विचारलं, "भावजी, साकर किती?"

"दोन," मी ओरडलो.

गोदाक्काची हनुवटी थरथरायला लागली होती. तिनं पदर तोंडात धरला. मग पुन्हा काढला, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं आणि माझ्याकडं वळली.

"त्यो टीवी मोठा कर."

मी उठलो आणि बटण फिरवलं.

"आनकी."

मी सगळं फिरवलं. तिसऱ्या चंद्रावरचं महायुद्ध त्या दोन खणांत घुसलं. विमानं धडाडली, ते प्रायमसच्या स्टोव्हला पंप मारून काढलेले आवाज होते. तोफा उडाल्या, त्या पिंपावर मी स्वतः मारलेल्या बुक्क्या. राक्षस माझ्याच गळ्यातून किंकाळ्या फोडत होता. पत्र्यावर वीज कडाडत होती. आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या खाली, खाटेवर डोकं गुडघ्यात घालून, ती म्हातारी रडली. मोकळ्या गळ्यानं. मी तिच्या आणि दाराच्या मधे उभा राहिलो, पाठ करून.

"आत्याबाई!" आतून वहिनी ओरडल्या. "आवाज कमी करा की वो! कान फुटत्यात!"

गोदाक्कानं डोकं वर केलं. पदरानं एकदा तोंड पुसलं.

"ऱ्हाऊ दे गं!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "युद्द चाललंय!"